दोन गाण्यांच्या मधली मिनिटं

अनेक आशीर्वाद.

सामुदायिक रेडिओवाल्यांनी तुला अर्ध्या तासाचा कार्यक्रम दिला, तीन गाणी आणि मधे गप्पा, हे वाचून बरं वाटलं. गाण्यांची मला काळजी नाही. पण ‘बोलायचं काय ते आयत्या वेळी बघू’ असं तू लिहिलंयस, तिथे मी अडलो. रेडिओवर बोलणं हाही सादरीकरणाचाच भाग असतो, आणि त्याची तालीम बहुतेक जण करतच नाहीत. उत्तरं पाठ कर असं मी म्हणत नाही. पाठ केलेलं वाक्य रेडिओवर लगेच ओळखू येतं, कारण ऐकणाऱ्याला तुझा चेहरा दिसत नाही, त्याच्याकडे तुझा आवाज तेवढा असतो.

निवेदक विचारणार, ‘या गाण्याची प्रेरणा कुठून मिळाली?’ त्याचा राग धरू नकोस, बिचाऱ्याने तुझी गाणी कदाचित आदल्या रात्रीच ऐकलेली असतील. मात्र उत्तर प्रेरणेचं देऊ नकोस, घडणीचं दे. चारा छावणीवरच्या तुझ्या गाण्याला ‘शेतकऱ्याच्या व्यथेचं गाणं’ म्हटलंस की श्रोत्याचे कान तिथेच मिटतात. तसली गाणी त्याने पुष्कळ ऐकली आहेत. त्यापेक्षा सांग की आधी ते केरवा तालात होतं, फार पळत होतं, म्हणून तू ते रूपक तालात आणलंस. आणि नुसतं सांगू नकोस, जुन्या चालीत दोन ओळी म्हणून दाखव आणि लगेच त्याच ओळी नव्या चालीत म्हण. वर्तमानपत्रातल्या मुलाखतीत हे करता येत नाही. श्रोत्याला ताल-मात्रा कळत नसतील, पण गाणं कुठे बसलं ते कळतंच. तू काढून टाकलेला तो तिसरा अंतरासुद्धा वाचून दाखव. का काढलास ते एका वाक्यात सांग आणि गायला लाग.

अर्थ सांगायचाच असेल तर गाण्यानंतर. आधी सांगितलास की लोक गाणं ऐकत नाहीत, तुझा अर्थ त्यात सापडतो का ते तपासत बसतात. गाण्याआधी कानाला धरायला एखादी गोष्ट दे, ‘दुसऱ्या कडव्यात पेटी थांबते, तिकडे लक्ष द्या’ एवढी पुरे.

ऐकतंय कोण, याचा विचार कर. सामुदायिक केंद्राचा ट्रान्समीटर साधारण १०० वॅटचा, आवाज पोचतो दहा-पंधरा किलोमीटर. म्हणजे तुझे श्रोते शेजारपाजारचे. छावणी त्यांनी पाहिलीय, काहींनी तिथे महिनोन्‌महिने जनावरं बांधली असतील. छावणी म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगितलंस तर हसतील. आणि संकोचही नको. या केंद्रांना निदान निम्मा कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून करावा लागतो, सरकारच्या २००६च्या धोरणातच ते आहे. त्यांनाही तुझी गरज आहे. आकाशवाणीची ऑडिशन, मग कलाकारांच्या बी ग्रेड, बी हाय, ए अशा श्रेणी, ती वाट वेगळी आहे. तीही धर, पण नंतर.

आता पेटी. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली आणि १९७१पर्यंत ती उठली नाही, उठली तीही पूर्ण नव्हे. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधली बारीक अंतरं, सांभाळल्या जात नाहीत, असे आक्षेप होते. ते मला कधीच पटले नाहीत. तुझी अडचण मात्र साधी आहे, पेटीचा भाता आणि पट्ट्यांची खटखट. प्रक्षेपणात आवाजाची पातळी सारखी ठेवणारं यंत्र असतं, ते मोठा आवाज दाबतं आणि बारीक आवाज वर आणतं. घरी ऐकू न येणारी खटखट रेडिओवर ठोक्यासारखी वाजते, श्वासही तसाच. माइक अगदी पट्ट्यांच्या अंगाशी लावू देऊ नकोस. रेकॉर्डिंगआधी लेव्हल घेताना, म्हणजे तुझ्या आवाजाची पातळी ठरवताना, सगळ्यांत मोठ्या आवाजाची ओळ गा. बरेच जण तेव्हा लाजून पुटपुटतात, मग खऱ्या गाण्यात आवाज फाटतो. ‘प’ आणि ‘भ’ माइकवर आदळतात, त्यामुळे तोंड किंचित बाजूला ठेव.

एखादा सूर चुकला तर चुकू दे. बीबीसीवर निवेदक जॉन पील यांच्या कार्यक्रमासाठी १९६७पासून पुढे कितीतरी नवख्या बँडनी रेकॉर्डिंग केलं. बहुधा एकाच दिवसात चार गाणी वाजवायची, मिक्सिंगसुद्धा त्याच दिवशी. त्यातली काही रेकॉर्डिंग लोकांना अल्बमपेक्षा जास्त आवडली. अल्बममधल्या आवाजाची हुबेहूब नक्कल तू स्टुडिओत करायला गेलीस तर दोन्हीकडून जाशील.

कागदपत्रांचं थोडक्यात. मानधन आहे का ते आधीच विचार, नसेल तर नाही म्हणून कळू दे. रेकॉर्डिंग नंतर यूट्यूबवर टाकणार का, कुणाच्या नावाने, हे लेखी घे. स्वतःचे शब्द आणि चाल असलेल्या गाण्यांसाठी आयपीआरएसची, म्हणजे गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेची, सभासद हो. तिसरं गाणं म्हणजे चाल लावलेली कविता, तिचं प्रकरण वेगळं. कवीच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतो. त्यांची परवानगी आली नसेल तर ती कविता या वेळी वगळ, निवेदक कितीही म्हणाला ‘चालतंय की’ तरी. आली असेल तर कवीचं नाव गाण्याआधी एकदा आणि नंतर एकदा घे. स्वतःचं नाव आणि गाण्याचं नावही असंच परत सांग, मधेच रेडिओ लावणाऱ्याला कोण गातंय ते कळत नाही.

वारसांकडून उत्तर आलं का ते कळव. नसेल आलं तर त्या जागी आजीच्या ओव्यांवरचं ते गाणं घे. अजून अर्धवट आहे म्हणतेस, तर कडवं कुठे अडलंय तेच बोल आणि आहे तेवढं गा.

तुझा,
रेडिओवाला काका