मागं सरकताना बाहेरची एज का सुटते?

आइस स्केटिंगविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी कॅनडात, मिसिसॉगात राहते, वय 43. मुलीला क्लासला सोडता सोडता मीही मोठ्यांच्या वर्गात नाव घातलं. पुढं जाणं, पुढचे क्रॉसओव्हर (वळणावर एक पाय दुसऱ्यावरून टाकत जाणं), दोन्ही पायांवर मागं सरकणं जमतं. मागं जाताना आतली एज, म्हणजे ब्लेडची आतल्या बाजूची कड, हीही बऱ्यापैकी टिकते. बाहेरची एज मात्र धरली की लगेच सुटते, खरखर आवाज येतो आणि उचललेला पाय खाली टेकतो. डाव्या पायावर तर काहीच होत नाही. कोच सारखे ‘वर्तुळात झुका’ म्हणतात, पण झुकलं की आत पडायला होतं. नेमकं काय करू?

उत्तर : ‘झुकलं की आत पडायला होतं’ हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. उत्तराची सुरुवात तिथूनच आहे. तुमचा वेग कमी पडतोय.

रिंकवर हॉकीसाठी आखलेलं फेस-ऑफचं वर्तुळ असतं, 30 फूट व्यासाचं. त्या रेषेवरून सेकंदाला दीड मीटर, म्हणजे भरभर चालण्याच्या वेगानं गेलात, तर शरीराला आत कलायला जेमतेम 3 अंश मिळतात. वेग दुप्पट केलात की तेच 11 अंशांच्या आसपास जातं. वळणावर सायकल वेगात असेल तरच आत कलून उभी राहते; तसंच हे. कमी वेगात कोचच्या सांगण्यावरून झुकायला गेलं की तोल आत जाणारच, आणि तो सावरायला माणूस कमरेतून वाकतो. मागं जाताना वेग कमी ठेवावासा वाटतो हे मला पूर्ण समजतं. पाठ ज्या दिशेला जातेय तिथलं दिसत नसतं, आणि चाळिशीनंतर पडणं कुणालाच परवडत नाही. म्हणून वेग वाढवण्याआधी हेल्मेट घाला. स्केट कॅनडा या तिथल्या स्केटिंग संघटनेच्या कॅनस्केट या नवशिक्यांच्या वर्गांत पाचवा टप्पा पार होईपर्यंत हॉकीचं हेल्मेट सक्तीचं असतं. मोठ्यांनी मागच्या एज शिकताना ते स्वतःहून घालावं असं माझं ठाम मत आहे, कारण मागं पडताना डोकं आधी आपटू शकतं. लाज वाटायचं काही कारण नाही.

आता खरखर. तो आवाज ब्लेडच्या पुढच्या दातांचा, टो पिकचा. फिगर स्केटचं ब्लेड सपाट नसतं, पुढून मागं हलकं गोलाईदार असतं, त्यामुळे एका वेळी त्याचा थोडाच भाग बर्फाला टेकतो. पुढं जाताना वजन तळव्याच्या मध्यापासून किंचित टाचेकडे असावं लागतं. मागं जाताना ते किंचित पुढं, अंगठ्याच्या मुळाशी जो फुगीर भाग आहे त्याच्याजवळ. पण ‘किंचित’ म्हणजे खरंच किंचित. कमरेतून वाकलं, मान खाली घालून पायाकडे बघितलं, की वजन पार बोटांवर जातं आणि दात घासायला लागतात. गुडघा वाकवा, नडगी बुटाच्या जिभेला टेकू दे, आणि छाती वर ठेवा. बहुतेकांचा आवाज एवढ्यावरच बंद होतो. गुडघा ताठ असेल तर मात्र बाकी काहीही करून उपयोग नाही.

आणि आता मुख्य गोष्ट. बाहेरची एज तुम्हाला येते. तुम्ही ती रोज वापरताय, फक्त एका पायावर कधी उभ्या राहिला नाहीत. फेस-ऑफच्या वर्तुळावर मागं जाताना बाहेरच्या पायानं इंग्रजी सी काढत ढकलण्याचा व्यायाम तुमच्या वर्गात नक्की घेतला असेल. आम्ही त्याला पंप म्हणतो. वर्तुळाचा मध्य डाव्या हाताला ठेवून मागं सरका आणि उजव्या पायानं पंप करा. डावा पाय बर्फावरून उचलायचाच नाही. तो डावा पाय त्या क्षणी मागच्या बाहेरच्या एजवरच चाललेला असतो. तुम्हाला कळत नाही, कारण अर्धं वजन उजव्यावर आहे. दोन-तीन फेऱ्या असेच पंप करा, वेग येऊ द्या. मग उजव्या पायानं एक ढकल पूर्ण झाली की तो पाय डाव्याजवळ आणा आणि बर्फापासून बोटभर उचला. नवीन काही करायचं नाही, झुकायचं नाही, पाय मुरगाळायचा नाही. वजन आधीपासून ज्या एजवर आहे तिथेच राहू द्यायचं.

मी शिकवताना इथेच सगळ्यात जास्त वेळ देते. एज पायानं तयार करायची असते असं बहुतेकांना वाटतं. म्हणून घोटा बाहेर मुडपतात, तो थकतो, आणि एज सुटते. घोटा फक्त स्थिर हवा. एज तयार होते ती तुम्ही वर्तुळावर कशा उभ्या आहात यावरून, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा नितंबाच्या हाडांचा. डाव्या पायावर असताना डावा नितंब बरोबर डाव्या पायाच्या वर, वर्तुळाकडे किंचित दाबलेला असला पाहिजे. उचललेल्या, म्हणजे उजव्या बाजूचा नितंब वर राहिला पाहिजे. तो खाली लोंबला की शरीर वर्तुळाबाहेर कलतं, ब्लेड सपाट होतं आणि पाय आपोआप टेकतो. तुमचं हेच होत असावं.

खांद्यांचं असं की, डावा हात मागं, वर्तुळाच्या रेषेवर, उजवा हात पुढं, आणि नजर डाव्या खांद्यावरून जिकडे चाललात तिकडे. आतला खांदा खाली पाडू नका. झुकायला सांगितलं की सगळे पहिल्यांदा तोच पाडतात, आणि मग वरचा भाग आत आणि खालचा बाहेर अशी शरीराची घडी होते. उचललेला पाय सुरुवातीला उभ्या पायाच्या पुढं, रेषेवरच ठेवा. तो बाजूला फाकला तर तुम्हाला वर्तुळातून बाहेर ओढतो. तो मागं नेणं नंतर शिका, घाई नाही.

उजव्या पायासाठी हेच सगळं उलट, मध्य उजव्या हाताला. डावा पाय कमजोर आहे म्हणता, तर सत्राची सुरुवात डाव्यानं करा. बहुतेक लोक चांगल्या पायावर अर्धा तास घालवून दमल्यावर दुसऱ्याकडे वळतात, मग तो कधी सुधारतच नाही. घरी ओट्याला हात लावून एका पायावर, गुडघा वाकवून, नितंब समपातळीत ठेवून उभ्या राहा. भाजी शिजेपर्यंत चालेल.

आणि बर्फ वाचायला शिका. हे मी फार कळकळीनं सांगते. झांबोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, फिरून गेल्यावर बर्फ कोरा असतो, तेव्हा सत्राला पहिल्या पाच मिनिटांत जा. एकदा एज धरा, थांबा, मागं वळून आपली रेघ बघा. ब्लेड साधारण 4 मिलिमीटर रुंद असतं आणि त्याच्या तळाला लांबीभर खोलगट पन्हळ असते, म्हणून दोन्ही कडा वेगळ्या उमटतात. एकच बारीक, स्वच्छ, वळलेली रेघ दिसली तर तुम्ही एजवर होता. शेजारी शेजारी दोन रेघा म्हणजे ब्लेड सपाट होतं. रेघेच्या बाजूला खरवडल्याची खूण म्हणजे दात घासले. रेघ सुरुवातीला वळलेली आणि शेवटी सरळ झाली असेल तर नितंब कुठे लोंबला ते ठिकाण तुम्हाला बोट ठेवून दाखवता येईल. कोच प्रत्येक वेळी बघत नसतो. रेघ मात्र दर वेळी असते.

पूर्वी स्पर्धेतसुद्धा ही रेघच तपासत. बर्फावर आठाच्या आकृत्या काढायच्या आणि पंच वाकून त्या बघायचे. 1972 च्या सापोरो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाची बेआट्रिक्स शूबा याच आकृत्यांच्या बळावर सुवर्णपदक जिंकली. मुक्त स्केटिंगमध्ये ती सातवी होती. 1990 नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून आकृत्या काढून टाकल्या. टीव्हीवर बघायला त्या कंटाळवाण्या होत्या हे खरं, तरी त्या गेल्या याचं मला मनापासून वाईट वाटतं. मोठ्या वयात शिकणाऱ्याला उड्या मारायच्या नसतात, पण एक स्वच्छ वर्तुळ काढण्याचा आनंद त्याला कुठल्याही वयात मिळू शकतो. तुम्ही त्या वर्गातल्या आहात असं तुमच्या पत्रावरून वाटलं.

तुमची मुलगी पुढं उड्या शिकेल तेव्हा सॅल्काव असो, लुट्झ असो की ॲक्सल, उतरायचं असतं ते मागच्या बाहेरच्या एजवरच. तेव्हा दोघी मिळून याच वर्तुळावर सराव करा.

प्रश्न : रिंकजवळच्या दुकानातून धार लावून आणली, आणि तेव्हापासून उजव्या पायाची मागची बाहेरची एज घसरते. डावी ठीक आहे. माझंच काही बिघडलं की ब्लेडचं? (एक वाचक, कॅलगरी)

उत्तर : एकाच पायाला आणि धार लावल्याबरोबर सुरू झालं, तर आधी ब्लेड तपासा. बूट उलटा धरा, ब्लेडवर आडवी एक सरळ पातळ पट्टी किंवा नाणं ठेवा आणि डोळ्यांच्या रेषेत आणून बघा. पट्टी ब्लेडशी काटकोनात बसली पाहिजे. एका बाजूला कललेली दिसली तर दोन्ही कडा समपातळीत नाहीत, बाहेरची कड खाली राहिलीय. असं ब्लेड कितीही सराव केला तरी धरणार नाही. पुन्हा धार लावून घ्या, पण फिगर स्केटचं काम करणाऱ्याकडे. हॉकीच्या सवयीचा माणूस कधी कधी खालचा दातसुद्धा घासून टाकतो, आणि तो परत येत नाही. पन्हळीची त्रिज्या सांगून द्या. शिकणाऱ्यांना साधारण अर्धा इंच पुरते.

पट्टी सरळ बसली तर ब्लेड बुटावर कुठे बसवलंय ते पाहा. ते फार बाहेरच्या बाजूला असेल तर आतल्या एजवर पडणं सोपं आणि बाहेरच्या एजवर चढणं कठीण जातं. नवीन बुटांना सुरुवातीला मोजकेच स्क्रू लावतात ते यासाठीच, सरकवायला वाव राहतो. पण तुमचा त्रास धार लावल्यापासूनचा आहे, त्यामुळे मला पट्टीवरच उत्तर मिळेल असं वाटतं.

प्रश्न : माझा मुलगा 11 वर्षांचा आहे. पुण्यात इनलाइन स्केटिंग करतो, मागं जाणं, मागचे क्रॉसओव्हर सफाईनं करतो. सुट्टीत त्याला देहरादूनच्या बर्फावरच्या शिबिराला पाठवायचा विचार आहे. मागच्या एज त्याला लगेच जमतील ना?

उत्तर : बऱ्याच गोष्टी तो बरोबर घेऊन जाईल. मागं वेगात जायची भीती नसणं, गुडघा वाकवणं, वर्तुळात सगळं शरीर एकत्र कलवणं, खांद्यावरून मागं बघणं. मोठ्या माणसाला हे शिकायला महिने लागतात. म्हणून पहिल्याच दिवशी तो इतरांच्या पुढं दिसेल.

पण चाक आणि ब्लेड यांत एक फरक आहे, आणि तो नेमका एजच्या बाबतीत आहे. इनलाइनचं चाक गोल असतं, ते कुठल्याही कोनात सारखंच धरतं. फिगर ब्लेडला दोन वेगळ्या कडा असतात. त्यांच्यामध्ये सपाट उभं राहिलं तर ब्लेड सरळच जातं, वळत नाही, त्यामुळे वळायला दोनपैकी एक कड निवडावीच लागते. शिवाय ब्लेडच्या गोलाईमुळे वजन पुढं-मागं केल्याचा परिणाम बर्फावर लगेच दिसतो. इनलाइनवर सगळ्या चाकांवर सारखं उभं राहायची सवय झालेली मुलं बर्फावर मागं जाताना घाबरून पुढं झुकतात आणि टो पिक अडकून पालथी पडतात. त्याला पहिला तास फक्त पुढं-मागं दोन पायांवर सरकू द्या, मग पंप, मग एक पाय. आधीच येतंय म्हणून क्रॉसओव्हरवर उडी नको. ब्रेकचंही सांगून ठेवा. इनलाइनच्या टाचेचा ब्रेक इथे नसतो, आणि तो पाय सवयीनं उचलला जातो. लांब पँट, बोटांचे हातमोजे आणि त्याचं स्वतःचं हेल्मेट द्या.

याहून महत्त्वाचं म्हणजे शिबिर कसलं आहे ते. देहरादूनची हिमाद्री रिंक 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी बांधलेली आहे, आणि आपल्याकडे चाकांवरून बर्फावर जाणारी बरीच मुलं शॉर्ट ट्रॅक वेगस्पर्धेकडे वळतात. शॉर्ट ट्रॅकचं ब्लेड लांब असतं, त्याला टो पिक नसतो, आणि शर्यत कायम डावीकडे वळत जाते म्हणून ते बुटाच्या डाव्या बाजूला सरकवून बसवतात, वळणाच्या दिशेनं थोडं वाकवतातही. तो खेळ उत्तम आहे, वेगाची आवड असलेल्या मुलाला तर फारच. पण त्या ब्लेडवर मागच्या एज शिकता येणार नाहीत. म्हणून पैसे भरण्यापूर्वी फोन करून विचारा की शिबिरात फिगरचे स्केट देणार की शॉर्ट ट्रॅकचे, आणि भाड्याचे असतील तर त्याच्या मापाचे आहेत का.