आधी चेंडू वाचा, मग सही

अमेरिकन बेसबॉलच्या सह्या आणि आठवणींच्या वस्तूंबद्दल तुमच्या धाग्यात तीन प्रश्न आहेत. ऑनलाइन लिलावात ४०० डॉलरला दिसलेला जुन्या काळचा दिग्गज बेब रूथच्या सहीचा चेंडू घ्यावा का, पिचर (चेंडू टाकणारा) डॉन लार्सनच्या १९५६च्या सामन्याची आणि आजचा बॅटर ॲरन जजची काही आठवण खिशाला झेपेल अशी कशी मिळवावी, आणि त्यातलं निम्मं सामान पुण्याच्या घरी ठेवलं तर टिकेल का. लिलाव रविवारी संपतोय, म्हणून रूथपासून सुरुवात करतो.

तो चेंडू घेऊ नका. फोटोत नॅशनल लीगचा (अमेरिकन बेसबॉलच्या दोन मुख्य लीगपैकी एक) शिक्का आणि त्याखाली वॉरन गाइल्सची छापील सही दिसते असं तुम्हीच लिहिलंय. गाइल्स लीगचे अध्यक्ष झाले १९५१ मध्ये. रूथ वारला १९४८ मध्ये. पुढे सहीच्या वळणावर चर्चा करायची गरजच उरत नाही. नवखा माणूस थेट सहीकडे बघतो आणि नकली माल विकणारा नेमकी तीच गोष्ट घोटून आलेला असतो. चेंडूचं साल मात्र त्याला बदलता येत नाही.

१९९९च्या हंगामापर्यंत अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगचे अधिकृत चेंडू वेगळे होते आणि त्यांवर त्या वेळच्या लीग-अध्यक्षाची सही छापलेली असायची. नॅशनल लीगमध्ये फोर्ड फ्रिक १९३४ ते ५१, गाइल्स ५१ ते ६९, चब फीनी ७० ते ८६. अमेरिकन लीगमध्ये विल हॅरिज १९३१ ते ५९, जो क्रोनिन ५९ ते ७३, ली मॅकफेल ७४ ते ८३. सन २००० पासून दोन्हींना एकच चेंडू आला, त्यावर कमिशनर बड सेलिग आणि २०१५ पासून रॉब मॅन्फ्रेड. एवढं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, लिलावातला बराच कचरा दोन मिनिटांत बाजूला पडतो. कंपनीही बघा. १९७७ पासून मेजर लीगचा (म्हणजे या दोन्ही लीग मिळून) चेंडू रॉलिंग्जचा आहे, त्याआधी स्पॉल्डिंग आणि अमेरिकन लीगसाठी रीच. आवरण १९७४ पर्यंत घोड्याच्या चामड्याचं होतं, नंतर गाईच्या.

शिक्का जुळला म्हणजे सही खरी असं अर्थातच नाही. हॅरिजचे जुने कोरे चेंडू बाजारात मिळतात आणि त्यांवर आज सही करता येते. शिवाय त्या काळी लोक दुकानातल्या साध्या चेंडूवरही सह्या घ्यायचे, त्यांवर अध्यक्षाचं नाव नसतं. अशा वेळी शाई बघायची. अमेरिकेत बॉलपेन दुकानात आलं ऑक्टोबर १९४५ मध्ये. रूथचा संघसहकारी लू गेरिग १९४१ मध्ये वारला, म्हणून बॉलपेनातली गेरिगची सही ही थट्टाच. शार्पी मार्कर १९६४चा. भिंगाखाली जुनी फाउंटन पेनची शाई चामड्याच्या बारीक भेगांसोबत तडकलेली दिसते. नंतर केलेली सही भेगा ओलांडताना त्यांत उतरते, आणि ते फोटोतही कळतं, फक्त विक्रेत्याकडून जवळून काढलेला फोटो मागावा लागतो. तो टाळाटाळ करत असेल तर उत्तर मिळालंच म्हणायचं.

सांघिक सह्यांच्या चेंडूंवर एक वेगळीच भानगड असते. मोठ्या खेळाडूंना कंटाळा यायचा म्हणून त्यांच्या सह्या क्लबहाउसमधला (खेळाडूंच्या खोलीतला) कर्मचारी किंवा बॅट उचलणारा पोरगा करून टाकायचा. चेंडू खरा, साल खरं, इतर वीस सह्या खऱ्या, आणि ज्या एका नावासाठी पैसे मोजलेत तेवढं नाव दुसऱ्याच्या हातचं. बारकाईने बघितल्याशिवाय हे सापडत नाही, म्हणून महागडी वस्तू पीएसए, जेएसए किंवा बेकेट या सह्या तपासणाऱ्या कंपन्यांपैकी एकीकडून तपासून घेतलेली असावी. त्यांच्या पत्राला मत समजा, हमी नव्हे. पत्रावरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो हातातल्या वस्तूशी ताडा, कारण पत्रं आणि स्टिकरसुद्धा नकली निघतात. त्यांच्याच प्रतिनिधीसमोर झालेली सही आणि नंतर पाहून दिलेलं मत या दोन वेगळ्या श्रेणी आहेत, पहिली केव्हाही वरची. विक्रेत्याने स्वतः छापलेलं ‘सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी’ रद्दीत टाका. नव्वदच्या दशकात नकली सह्यांचा इतका सुळसुळाट झाला की एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ चालवलं. त्यात सापडलेल्या मालात मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉलही होता!

त्या प्रकरणानंतर २००१ मध्ये मेजर लीगने स्वतःची प्रमाणीकरण योजना सुरू केली, आणि जजबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. प्रत्येक सामन्याला निदान एक प्रमाणक हजर असतो, बहुतेक निवृत्त किंवा नोकरीतला पोलीस. वस्तू मैदानातून निघाल्यापासून त्याच्या नजरेसमोर असेल तरच तो तिच्यावर होलोग्राम चिकटवतो. काढायला गेलं तर तो फाटतो. त्यावरचा क्रमांक लीगच्या संकेतस्थळावर टाकला की तारीख आणि सामना कळतो, आणि चेंडू असेल तर बहुतेक वेळा पिचर, बॅटर, इनिंग आणि त्या चेंडूवर काय झालं तेही. नोंद शब्दशः वाचा. ‘सामन्यात वापरलेला’ आणि ‘संघाने दिलेला’ यांत किमतीचा मोठा फरक आहे, आणि सहीचा होलोग्राम असेल तर तो फक्त सहीबद्दल बोलतो, चेंडू मैदानात होता असं सांगत नाही.

प्रेक्षकात गेलेला चेंडू सहसा या साखळीतून निसटतो, कारण तो कोणाच्या पिशवीत गेला हे प्रमाणकाला दिसत नाही. म्हणून विक्रम तोंडावर आला की त्या बॅटरला गुप्त खुणा केलेले चेंडू टाकले जातात. १९९८ मध्ये होमरनच्या (चेंडू थेट मैदानाबाहेर मारण्याच्या) विक्रमामागे लागलेल्या मॅग्वायर आणि सोसासाठी तसं केलं होतं. जजच्या त्या हंगामातल्या ६२व्या होमरनचा चेंडू (४ ऑक्टोबर २०२२, आर्लिंग्टन) लिलावात १५ लाख डॉलरला गेला, त्याच्याकडे बघायचं कारण नाही. तुम्हाला हवा आहे तो त्याच हंगामातला, जज बॅटिंग करत असताना जमिनीवर टप्पा पडून किंवा फाउल होऊन (रेषेबाहेर जाऊन) डगआउटकडे परत आलेला, नोंदीत त्याचं नाव असलेला चेंडू. संघांच्या दुकानांत आणि लीगच्या लिलावांत असे चेंडू येतात. होमरनपेक्षा फाउल कितीतरी स्वस्त, आणि पुरावा तेवढाच पक्का.

वापरलेला चेंडू पांढराशुभ्र नसतो, हेही लक्षात ठेवा. सामन्याआधी प्रत्येक चेंडूला डेलावेअर नदीच्या, तुम्ही राहता त्या न्यू जर्सीकडच्या एका उपनदीचा चिखल चोळतात, म्हणजे बोटांना पकड मिळते. ती जागा गुपित ठेवलेली आहे. चामड्याला त्याने मळकट पिवळसर झाक येते, टाक्यांच्या कडेला चिखल साचतो. ‘गेम यूज्ड’ म्हणून लखलखीत चेंडू विकायला आला तर तो दुकानातून आणलेला आहे. अधिकृत चेंडू, वर्ल्ड सीरिजच्या (हंगामाच्या अंतिम मालिकेच्या) चिन्हासकट, कोणालाही विकत मिळतो. बेस (धावताना पाय टेकवायची मैदानातली चौकोनी गादी) घ्यायचा विचार असेल तर टेप लावा. २०२३ पासून बेस १५ऐवजी १८ इंचांचे झाले, त्यामुळे जजच्या २०२४च्या सामन्यातला म्हणून १५ इंची बेस कोणी दाखवला तर नमस्कार करून निघा.

आता लार्सन. ८ ऑक्टोबर १९५६, लार्सनच्या यांकीज संघाचं यांकी स्टेडियम, वर्ल्ड सीरिजचा पाचवा सामना; ब्रुकलिन डॉजर्सचे २७ बॅटर आले आणि २७ परत गेले, ९७ चेंडूंत. वर्ल्ड सीरिजमधला हा एकमेव परफेक्ट गेम. हजर होते ६४,५१९ प्रेक्षक, त्यामुळे तिकिटांचे स्टब (फाडल्यावर उरलेले तुकडे) आजही बाजारात येतात, पण स्वस्त नाहीत. वर्ल्ड सीरिजच्या जुन्या तिकिटावर तारखेपेक्षा ‘गेम ५’ हा आकडा महत्त्वाचा, कारण पावसाने सामना पुढे ढकलला तरी तिकीट त्याच क्रमांकाला लागू राहायचं. म्हणून तीन गोष्टी एकत्र जुळल्या पाहिजेत: साल १९५६, क्रमांक ५ आणि मैदान यांकी स्टेडियम. त्या वर्षी तिसरा, चौथा आणि पाचवा सामना तिथे झाला, बाकी चार डॉजर्सच्या एबेट्स फील्डवर. चौथ्या सामन्याचा स्टब ‘लार्सन सीरिज’ अशा गोलमाल शीर्षकाखाली विकतात. वर्णनात ‘गेम ५’ हे शब्द नसतील तर ते मुद्दामच नाहीत. छापलेली पण न झालेल्या सामन्यांची कोरी तिकिटंही असतात. गोळा करणारे त्यांना ‘फँटम’ म्हणतात, आणि तो वेगळा छंद आहे.

प्रोग्रॅमबाबत बरेच जण फसतात. यजमान संघ मालिकेसाठी एकच पुस्तिका छापायचा, म्हणजे यांकीजची १९५६ची पुस्तिका तिन्ही घरच्या सामन्यांना तीच. कोऱ्या पुस्तिकेवरून ती पाचव्या दिवशी हातात होती हे सिद्ध होत नाही. आतलं स्कोअरकार्ड पेन्सिलने भरलेलं असेल आणि डॉजर्सच्या रांगेत २७ बाद असतील, तर ती त्या दिवसाची असण्याची शक्यता बरीच वाढते. अर्थात पेन्सिल आजही चालते, म्हणून त्यासाठी फार जास्त पैसे मोजू नका. माझ्या मते तरी कोऱ्या आणि निष्कलंक पुस्तिकेपेक्षा नीट भरलेली पुस्तिका बघायला मजा येते, बाजार काहीही म्हणो.

तुमच्या बजेटसाठी खरी जागा वेगळीच आहे. लार्सन १ जानेवारी २०२० पर्यंत हयात होता आणि त्याने व त्या सामन्यातला त्याचा कॅचर योगी बेराने पुढच्या दशकांत असंख्य चेंडू आणि फोटो एकत्र सही करून दिले, अनेकांवर सामन्याची तारीखही लिहिलेली. असा चेंडू सेलिगच्या किंवा तशाच नंतरच्या शिक्क्याचा असणार, आणि त्यात काही खोट नाही. विक्रेता तो १९५६चा म्हणत नाही तोवर व्यवहार सरळ आहे. निळ्या बॉलपेनची, टाके सर्वांत जवळ येतात त्या अरुंद जागेवरची सही बघा. चेंडूवरचा मार्कर काही वर्षांत चामड्यात पसरतो, अक्षरांच्या कडा जांभळट होतात. फोटोवर मात्र मार्करच योग्य. होमरन मारणारा बॉबी थॉमसन आणि तो चेंडू टाकणारा राल्फ ब्रँका यांचे १९५१च्या प्रसिद्ध होमरनचे जोडसहीचे फोटोही याच जातीचे, आणि तो चेंडू तर कधी सापडलाच नाही, म्हणून फोटोवरच समाधान.

जुना प्रेस-फोटो घ्यायचा तर मागची बाजू आधी मागा: वृत्तसंस्थेचा शिक्का, तारीख, चिकटवलेली कॅप्शन. मूळ निगेटिव्हवरून घटनेच्या साधारण दोन वर्षांच्या आत काढलेल्या प्रतीला ‘टाइप वन’ म्हणतात, तीच महाग. अंधारात अल्ट्राव्हायलेट टॉर्च मारा. युद्धपूर्व म्हणून विकलेला कागद निळसर-पांढरा चमकला, तर त्यात नंतरच्या काळातलं उजळवणारं रसायन आहे.

बोली लावताना लिलावघराचं प्रीमियम धरा. ते २० टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून हजारची बोली बाराशेची होते. वर्षापेक्षा जास्त ठेवून नफ्यात विकलंत तर अमेरिकेत अशा वस्तूंवर कमाल २८ टक्के कर लागतो, म्हणून पावत्या जपा.

पुण्याला न्यायचं असेल तर बॅट केबिनमध्ये चालत नाही, चेंडू चालतो. पावसाळा हा खरा शत्रू. चामड्याला ४० ते ५० टक्के आर्द्रता मानवते, जुलैत घरात ती सहज ८० वर जाते आणि टाक्यांच्या खोबणीत बुरशी धरते. अल्ट्राव्हायलेट रोखणारा ॲक्रिलिकचा क्यूब घ्या, तो रबराची पट्टी असलेल्या हवाबंद डब्यात ठेवा, सोबत रंग बदलणारी सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा). दाण्यांचा रंग उतरला की ते ओव्हनमध्ये वाळवून परत टाका. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट आणि पोटमाळा टाळा. तिकिटं आणि फोटो पॉलिएस्टरच्या पाकिटात, पीव्हीसीच्या मऊ पाकिटात नाही, ते चिकट होऊन शाई ओढतं. लॅमिनेशन तर अजिबात नको. पूर्वी लोक सही टिकावी म्हणून चेंडूवर शेलॅक (लाखेचं पॉलिश) लावायचे, त्यानेच ते तपकिरी पडले. वापरलेल्या चेंडूवरचा चिखल पुसू नका आणि जर्सी धुऊ नका. जर्सीवरचे डाग आणि शिवणीतले वाकडे टाके सामन्याच्या फोटोशी जुळवूनच ती त्या दिवसाची ठरते.

रूथच्या विक्रेत्याला हवं तर गाइल्सच्या शिक्क्याबद्दल विचारून बघा. त्याचं उत्तर इथे टाका, बाकीच्यांनाही उपयोग होईल.