जय जय महाराष्ट्र नक्की कोणाचं?

प्रश्न: आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद झालाय, जय जय महाराष्ट्र माझा शाहीर साबळेंनीच लिहिलं ना? आणि नुसतं गाऊन त्या काळी घर चालायचं का हो?

उत्तर: नाही ताई, शब्द राजा बढेंचे, चाल श्रीनिवास खळ्यांची. साबळेंचा फक्त आवाज. आता फक्त म्हणायला जीव होत नाही, कारण ते पहिलं "गर्जा" त्या पहाडी आवाजात आलं नसतं तर गाणं इतकं डोक्यात बसलं असतं का? १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते राज्यगीत झालं (त्यातली दोनच कडवी घेतलीत), त्यामुळे तर लोकांना वाटतं की माणसाने एवढं एकच काम केलं.

खरं तर साबळेंची लेखणी वेगळीकडेच चालली. जन्म १९२३चा, वाईजवळच्या पसरणीचा. शिकायला अमळनेरला गेले, तिथे साने गुरुजी भेटले आणि शाळा राहिली बाजूला. पुढे पसरणीतलं भैरवनाथाचं मंदिर दलितांना खुलं केलं तेव्हा साने गुरुजी, सेनापती बापट अशी मंडळी गावात आली होती. म्हणजे डफ हातात आला तो करमणुकीसाठी नाही, चळवळीतून आला. मग मुक्तनाट्यं, म्हणजे लोकनाट्याच्या ढंगातली मोकळी नाटकं. यमराज्यात एक रात्र घ्या किंवा आंधळं दळतंय, त्यातल्या या दुसऱ्यात तर मुंबईत मराठी माणूस कसा मागे पडतोय हे हसवत हसवत असं सुनावलंय की प्रेक्षकाला टाळी द्यावी की मान खाली घालावी कळू नये. माझ्या मते तरी खरे साबळे इथे भेटतात, पण वर्षातून दोनदा लाउडस्पीकरवर वाजतं ते गाणंच, नाटक कोण वाजवणार!

पोटापाण्याचं म्हणाल तर नुसत्या पोवाड्यावर विसंबून भागत नसतं, म्हणून रेकॉर्डी होत्या, तिकीट लावून प्रयोग होते, गावोगाव नेता येईल असं मोबाईल थिएटरही त्यांनी काढलं. आणि नंतर महाराष्ट्राची लोकधारा हा कार्यक्रम, ज्यात गोंधळ, वासुदेव, कोळीनृत्य, वाघ्या-मुरळी सगळं एकाच स्टेजवर, आणि त्यासाठी नाचणारी-गाणारी पोरं लागायची. भरत जाधव, अंकुश चौधरी, आणि शाहिरांचा नातू केदार शिंदे, हे तिघेही त्याच पोरांतले. पद्मश्री मिळाली १९९८ला, तोवर पंचाहत्तरी आली होती.