भावाचा स्किझोफ्रेनिया बराच आटोक्यात आलाय. यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या) नूतनीकरणाला काम करत असल्याचं लपवावं का?

लपवू नका. आणि "आता तो अगदी नॉर्मल आहे" असंही टक्केवारी ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर म्हणू नका, कारण तेही खोटंच आहे. पहिल्या चुकीपेक्षा दुसऱ्या चुकीने जास्त घरांचं नुकसान होतं.

तुम्ही लिहिलंय ते असं: भावाचं आजारपण नऊ वर्षांचं. कार्ड चार-पाच वर्षांपूर्वी काढलेलं, तात्पुरतं, ५५ टक्के दिव्यांगत्वाचं, चार महिन्यांत संपतंय. औषधांनी तो सावरला, दुपारचे चार तास झेरॉक्सच्या दुकानात बसतो. शेजारीपाजारी म्हणतात, बोर्डाला कळलं की टक्केवारी गेली आणि संजय गांधी निराधार योजनेचा पगारही (दरमहा मदत) गेला.

शेजाऱ्यांना मोजणी कशी होते हे ठाऊक नसतं. मानसिक आजाराची टक्केवारी आयडियाज नावाच्या स्केलवर काढतात. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने ती बनवली आणि राजपत्रातल्या मार्गदर्शक सूचनांत तीच आहे. रकाने चार: स्वतःची देखभाल, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकाला ० ते ४. पाचवे गुण आजार किती जुना याचे: दोन वर्षांच्या आत १, दोन ते पाच वर्षं २, सहा ते दहा ३, दहाच्या वर ४. एकूण २० पैकी ७ ते १३ आले की ४० ते ७० टक्क्यांचा पट्टा. सहा किंवा कमी आले तर चाळिशीच्या खाली, म्हणजे योजनेच्या बाहेर.

आता हिशोब मांडा. मागच्या वेळी समजा २, २, २, ३ मिळाले होते आणि आजारपणाचे २, म्हणजे ११. या वेळी सुधारणा धरून १, १, १, २ आले तरी आजारपणाचे ३ झालेत. बेरीज ८. माणूस सुधारतो तसा आजार जुनाही होत जातो, आणि स्केल दोन्ही मोजते. म्हणून अर्धवट सुधारणेत बहुतेकदा आकडा घटतो पण चाळिशी सुटत नाही. मात्र ०, १, ०, १ असे गुण पडले तर बेरीज ५ आणि खेळ संपला. हे दोन-तीन गुण ठरतात घरच्यांच्या तोंडून. घोळ होतो तो इथेच.

डॉक्टर विचारतात, "आंघोळ स्वतः करतो?" आई म्हणते, "हो, करतो की." शून्य गुण. प्रत्यक्षात काय असतं? आई सात वाजता बादली भरते, टॉवेल-कपडे खुंटीला लावते, चार हाका मारते, पाणी निवलं की पुन्हा गरम करते, साडेनऊला तो न्हाणीत जातो आणि साबण कोरडाच राहतो. हे रोजचं झालेलं असतं, म्हणून आईला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. शिवाय चारचौघांत लेकाची लाज सांगायची नसते. पण प्रश्न "करतो का" इतकाच नसतो, "न सांगता, नियमित करतो का" हा असतो. जेवणाचं, गोळ्यांचं, दात घासण्याचंही तसंच. तेव्हा जाण्याआधी आठवडाभर वहीत लिहा: किती हाका मारल्या, गोळी कोणी हातात दिली, कोण घरी आलं तेव्हा आत जाऊन बसला. बोर्डासमोर ती वही वाचा. रंगवून सांगू नका, गाळूही नका.

कागदांचं म्हणाल तर सगळ्यात मोलाचा पहिला केसपेपर, कारण आजार किती जुना हे त्यावरूनच ठरतं. घर आवरताना नेमका तोच रद्दीत जातो. नसेल तर जिथे पहिल्यांदा दाखवलं तिथल्या नोंदणीचा उतारा मागा. दुसरी अडचण ताज्या कागदाची. ओपीडीत घाईत "इम्प्रूव्ड, मेंटेनिंग वेल" लिहितात. ते लक्षणांबद्दल असतं, कामाच्या कुवतीबद्दल नाही, पण बोर्ड तेवढंच वाचतं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विनंती करून सविस्तर लिहून घ्या: किती तास काम, कोणाच्या देखरेखीखाली, दोन वर्षांत किती वेळा बिघडला, गोळ्यांची सुस्ती किती. आधार आणि केसपेपरवरचं नाव एकच आहे ना, तेही पाहा. स्वावलंबन या यूडीआयडीच्या सरकारी पोर्टलवर नूतनीकरणाचा अर्ज आत्ताच भरा, शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. आणि सिव्हिलला मानसोपचार तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात ते आधी विचारा, नाहीतर हेलपाटे.

एक सल्ला तुम्हाला कोणीतरी देणारच: आठवडाभर औषध बंद ठेवा, म्हणजे आजार "दिसेल". असं सांगणाऱ्याला घरात घेऊ नका. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियाचं एक औषध; ते दोन दिवसांहून जास्त चुकलं तर पूर्वीचा डोस एकदम देता येत नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवत न्यावं लागतं. कार्ड वाचेल आणि माणूस वॉर्डात जाईल.

लपवण्याबद्दल: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात फसवून लाभ घेतल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. शिवाय दुकान गावातच आहे, लपणार कुठे?

टक्केवारी घटली आणि चुकीची वाटली तर कारण लेखी मागा आणि ९० दिवसांच्या आत अपील करा. अपिलात तीच वही, तेच पत्र जोडा. नुसता "अन्याय झाला" हा अर्ज फाईलला लागतो, पुढे जात नाही.

आता जे आधी सांगायला हवं होतं. पगार बंद पडतो तो टक्केवारीपेक्षा तहसीलच्या कागदांमुळे जास्त. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० आहे. दुकानातून भावाला किती मिळतात ते तुम्ही लिहिलेलं नाही. महिना ४,००० असतील तर वर्षाचे ४८,०००, कसंबसं आत. ४,५०० झाले की ५४,०००, बाहेर. घरातल्या इतरांचं उत्पन्न वेगळंच. २०२५ पासून दिव्यांगांना महिना २,५०० मिळतात, त्यासाठी दुकानातली पाचशेची वाढ नाकारायची का, हा हिशोब घरी बसून करा. मर्यादाच मूर्ख आहे हे माझं मत, पण तहसीलदार ती बदलू शकत नाही.

राहिला "काम करतो म्हणजे दिव्यांग नाही" हा युक्तिवाद. सरकारी दवाखान्यांत आयुष्य घालवलेली माणसंही तो ठासून करतात. त्यांच्यासाठी झेरॉक्सवाल्याकडून चार ओळी लिहून घ्या: चार तासांहून जास्त बसत नाही, महिन्यात इतके खाडे, गर्दी झाली की मागे जाऊन उभा राहतो, पैशांचा हिशोब मीच करतो. आणि बोर्डावर कोणी "काम करतो ना?" म्हणत फाईल मिटवायला लागलं, तर शांतपणे विचारा: कामाच्या रकान्यात शून्य ते चार का छापलंय साहेब, हो की नाही एवढंच का नाही?