टकटक करणारी हार्ड डिस्क

प्रश्न : आमच्या जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) कार्यालयातील सर्व्हरला हिशेबाच्या बॅकअपसाठी जोडलेली बाहेरची हार्ड डिस्क टकटक आवाज करून मध्येच दिसेनाशी होते. ती बिघडली काय?
— एक वाचक, वणी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : लगेच तसे ठरवू नये. यूएसबी २.० पोर्टातून ५००, तर ३.० पोर्टातून ९०० मिलिअँपिअर प्रवाह गृहीत धरलेला असतो. डिस्कमधील तबकडी फिरू लागताना त्याहून अधिक प्रवाह लागला, तर डिस्क पुन्हापुन्हा चालू-बंद होते. म्हणून ती सर्व्हरच्या मागील ३.० पोर्टला आखूड केबलने जोडावी किंवा स्वतंत्र अडॅप्टरवर वीज घेणारे यूएसबी हब (अनेक पोर्टांची जोडपेटी) वापरावे. पोर्टात रुईचे तंतू अडकलेले असतात (जिनिंगमध्ये ते कुठे नसतात!), तेही सर्व्हर बंद करून कोरड्या ब्रशने काढावेत. एवढ्याने टकटक थांबली नाही, तर मात्र डिस्कमधील माहिती तातडीने दुसरीकडे उतरवावी.