रिलीज मागण्याआधी करार काढून वाचा

प्रश्न : मुलगी लग्नानंतर न्यू जर्सीत असते. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्यांना मिळणारा कामाचा परवाना, म्हणजे एच-फोर ईएडी, मिळाल्यावर तिने आयुर्विम्याचं लायसन्स काढलं आणि एका मार्केटिंग कंपनीमार्फत काम सुरू केलं. आता मैत्रीण दुसरीकडे बोलावते आहे, कमिशन दहा टक्के जास्त. पण आधीचे लोक ‘रिलीज’ देत नाहीत. लायसन्स अडकलं का? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, लायसन्सची काळजी सोडा. ते राज्याने मुलीच्या नावावर दिलंय, मार्केटिंग कंपनीला त्याला हात लावता येत नाही. अडलेत ते विमा कंपन्यांशी झालेले करार. आपल्याकडे एजंटला एकच आयुर्विमा कंपनी. तिथे स्वतंत्र एजंट अनेक कंपन्यांच्या पॉलिसी विकतो, पण प्रत्येक कंपनीकडे कुणाच्या तरी, इथे त्या मार्केटिंग कंपनीच्या, हाताखाली नोंदलेला असतो. त्या ‘अपलाइन’ला तिच्या प्रत्येक पॉलिसीवर वाटा मिळतो. सोडताना खळखळ होणारच.

रिलीज म्हणजे त्या वरच्या मंडळींचं सहीचं संमतिपत्र. ते नाही मिळालं तरी बऱ्याच विमा कंपन्या काही काळ, अनेकदा सहा महिने, थांबल्यावर बदली करून देतात. त्या काळात नवा धंदा आणायचा नाही, अशीही काहींची अट असते. नियम कंपनीगणिक वेगळा, म्हणून तिने थेट विमा कंपनीलाच ईमेल करून विचारावं. अपलाइनचं तोंडी सांगणं धरू नये.

मला खरी धास्ती वाटते ती उचलीची. समजा पॉलिसीचा वर्षाचा हप्ता 1200 डॉलर, तिचं कमिशन 80 टक्के, म्हणजे 960. त्यातले नऊ महिन्यांचे 720 तिला आधीच मिळाले. ग्राहकाने तीन महिन्यांत पॉलिसी सोडली तर तिची खरी कमाई 240. उरलेले 480 परत द्यायचे. याला चार्जबॅक म्हणतात. अशी थकबाकी असली की रिलीज सहसा अडतं आणि नवी कंपनीही करार करताना नाक मुरडते. तेव्हा आधी स्टेटमेंट मागवा. जुन्या पॉलिसींचं रिन्यूअल कमिशन सोडल्यावरही तिलाच मिळणार का, म्हणजे ते ‘व्हेस्टेड’ आहे का, हे करारात शोधा. ते नसेल तर दहा टक्क्यांचा हिशेब पार बदलतो. शिवाय सध्याची मार्केटिंग कंपनी ग्राहकांची नावं पुरवत असेल आणि नवी पुरवणार नसेल, तर ते दहा टक्के तिथेच संपले.

‘जुने ग्राहक इकडे फिरव’ असं कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणावं. नव्या पॉलिसीत दोन वर्षं क्लेम तपासायचा कंपनीचा हक्क पुन्हा सुरू होतो, वय वाढल्याने हप्ताही सहसा चढतो. ग्राहकाची दिशाभूल करून पॉलिसी बदलायला लावणं बेकायदा आहे, आणि त्यात मात्र लायसन्स खरंच जाऊ शकतं. त्यातून तिचे ग्राहक मंडळाच्या गणपतीत भेटणारेच असणार!

हे सगळं बघून जायचंच ठरलं, तर सही करण्याआधी नव्या लोकांना एकच विचारायला सांगा : उद्या मी निघाले तर किती दिवसांत रिलीज द्याल? उत्तर ईमेलवर घ्यावं. ‘देऊ की, घरचीच माणसं आपण’ एवढ्यावर भागवत असतील, तर मैत्रीण मैत्रिणीच्या जागी ठेवून तिने आहे तिथेच थांबावं.