सांगलीत राहतो. 12 वर्षांच्या मुलाला क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा दीर्घकाळचा आजार) आहे, स्टेरॉइड चालू आहे. हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या पुरतील का?

नुसत्या गोळ्या पुरणार नाहीत. सगळे स्टेरॉइडला दोष देतात, पण आतड्यातली सूज स्वतःच हाडं बनण्याचा वेग कमी करते. त्यात भूक मंदावते, वजन वाढत नाही, वयात येणं लांबतं. हाडांची बरीचशी भरती याच वयात होते, म्हणून सूज आटोक्यात आणणं हाच हाडांवरचा मुख्य उपाय. स्टेरॉइड मात्र मनाने एकदम बंद करू नका, ते धोक्याचं आहे. क्रोन्समध्ये 6 ते 8 आठवडे फक्त विशेष द्रव आहार देऊनही सूज उतरवता येते. तुमच्या मुलाला तो चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करून घ्या. आपल्याकडे ऊन भरपूर, तरी कमतरता सर्रास सापडते. या वयात दिवसाला साधारण 850 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दूध पचत नसेल तर दही-ताक बघा. हळदीची पेठ आपली, तेव्हा हळददुधाचा सल्ला घरोघरी मिळेल. त्यातलं दूध कामाचं, हळद औषधाच्या जागी नको.

डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) केलात तर उंचीचा हिशेब धरायला सांगा. बुटक्या मुलाची हाडं त्यात आहेत त्यापेक्षा कमजोर दिसतात.

तब्येत बरी असेल तेव्हा पळू द्या, दोरीवरच्या उड्या मारू द्या. पाठ सतत दुखत असेल तर मात्र लगेच दाखवा, मणका दबलेला असू शकतो.